पुढचा रुपया आजाराच्या पहिल्या पायरीवर : पोहरादेवीहून आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य.

विषय : आरोग्यविम्याचे वाढते हप्ते, सरकारी अनुदान आणि तांड्यावरचा आजारी माणूस.

महोदय,



हे पत्र मी पोहरादेवीहून लिहितो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मी एक शिक्षक. आपल्या खात्याकडे माझे वैयक्तिक असे कोणतेही काम अडलेले नाही. प्रश्न सगळ्यांचा आहे, म्हणून पत्रही सगळ्यांसमोर लिहितो.

आमचे गाव मानोरा तालुक्यात, वाशीम जिल्ह्याच्या काठावर. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातली दिग्रस आणि पुसद. देशभरच्या बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला महाराष्ट्रासह तेलंगण, आंध्र, कर्नाटकातले लाखो लोक इथे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान इथे आले, बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण झाले, आणि त्याच दौऱ्यात पीएम-किसानचा अठरावा व नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ता शेतकऱ्यांच्या खात्यांवर सोडण्यात आला. त्यानंतर चारच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला. त्यात वाशीमचेही नाव होते. सरकारी पैसा आणि त्याचे मोल या गावाला नीट कळते. त्यामुळे आरोग्यासाठी सरकारने किती खर्च करावा आणि तो कुठे करावा, हा वाद इथल्या माणसांनीही घालायला हवा असे मला वाटते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मोठ्या आजारासाठी सरकारने विम्याचे छत्र दिले, हे योग्यच केले. ते काढून घेऊ नये. पण हे छत्र माणूस खाटेवर पडल्यावरच उघडते. आजाराची सुरुवात, म्हणजे पहिली तपासणी, रोजची गोळी, दवाखान्यापर्यंतची गाडी, ही अजून रुग्णाच्याच खिशावर आहे. जोवर ती तशी राहील, तोवर सरकारचा विम्यावरचा खर्च वाढत जाईल, खासगी पॉलिसीचे हप्ते वाढत जातील, आणि तांड्यावरचे कर्जही वाढत जाईल. म्हणून अनुदानाचा पुढचा प्रत्येक जादा रुपया आजाराच्या पहिल्या पायरीवर खर्च व्हावा, ही माझी मागणी आहे.

आधी जे झाले त्याचे श्रेय देतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते, आमचा वाशीम नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही त्यात घेतले. त्या चौदांत वाशीम आहे. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान योजना आली, २०२० मध्ये दोन्ही एकत्र चालू लागल्या, आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांचे छत्र मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे स्वतंत्र कार्ड देण्याचे केंद्राने सुरू केले. उपचारांची यादी १,३५६ वरून २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णयही २०२५ मध्ये आपल्याच सरकारने घेतला.

याचा उपयोग झाला नाही असे म्हणणारा माणूस आमच्या भागात फिरलेला नाही. पूर्वी तांड्यावर कुणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया निघाली की आधी बैलजोडी विकली जायची, मग शेत गहाण पडायचे. आज अँजिओप्लास्टी, केमोथेरपी, डायलिसिस हे शब्द आमच्या बायाबापड्यांना ठाऊक आहेत, आणि ते ऐकून घर हादरले तरी विकावे लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरचीही फी बंद झाली. हे सगळे लोकांना माहीत आहे आणि लोक ते मानतात.

आता जे राहिले त्याकडे येतो.

योजनेचे कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. आमच्या भागातला आजार मात्र भरतीने सुरू होत नाही. पन्नाशीच्या शेतकऱ्याला साखरेचा आजार निघतो. गोळी रोजची, तपासणी दर तीन महिन्यांची. राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळतातही. पण साठा संपला की चिठ्ठी हातात येते, ‘बाहेरून घ्या’. सोयाबीनला भाव असला तर बाहेरून घेतली जाते. नसला तर माणूस एक दिवसाआड गोळी घेतो, मग आठवड्याआड, मग सोडून देतो. काही वर्षांनी त्याची किडनी जाते. तेव्हा योजना धावून येते आणि डायलिसिसचा खर्च करते, वर्षानुवर्षे करते. महिन्याच्या काही शे रुपयांच्या गोळ्या अखंड पुरवणे जमले नाही, म्हणून त्याच कुटुंबासाठी त्याच तिजोरीतून कितीतरी पट रक्कम बाहेर पडते. त्यात माणसाचे काम जाते, आठवड्याला दोन-तीनदा शहराची वारी मागे लागते, आणि त्या वारीचे भाडे पुन्हा त्याच्याच खिशातून.

रक्तदाबाचे हेच, अर्धांगवायूपर्यंत. दम्याचे, फेफऱ्याचे, मानसिक आजाराचे हेच. विम्याच्या यादीत उपचारांची संख्या हजाराने वाढली, पण ज्या गोळीमुळे त्या उपचारांची वेळच आली नसती, ती गोळी त्या यादीत बसत नाही, कारण ती घेण्यासाठी खाट लागत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. मेंदूची किंवा हृदयाची मोठी शस्त्रक्रिया असेल तर आमच्या माणसाला अकोला, यवतमाळ, अमरावती नाहीतर थेट नागपूर गाठावे लागते. पाच लाखांचे कार्ड खिशात असते, पण रुग्णासोबत जाणाऱ्या दोघांची मजुरी बुडते, राहण्या-खाण्याचा खर्च होतो, आणि गाडी ठरवण्यासाठी रात्री कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. योजनेच्या हिशेबात हा उपचार ‘मोफत’ असतो. घरच्या हिशेबात तो मोफत नसतो. काही आजारांत तर तासच महत्त्वाचे असतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. अशा वेळी पहिल्या काही तासांत जवळ काय आहे यावर जीव ठरतो. जवळचे ग्रामीण रुग्णालय सज्ज नसेल, तर लांबच्या रुग्णालयातले पाच लाख कामाला येत नाहीत.

तिसरी गोष्ट स्थलांतराची, आणि ती आपल्याला अधिक सांगायला नको. आपण राधानगरीसारख्या डोंगराळ मतदारसंघातून येता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांत तांड्यांवरची माणसे असतात. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन घर सोडायचे आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परतायचे, असे त्यांचे वर्ष. फडावरची बाई दुखणे अंगावर काढते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पाणी जाणे, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग या तक्रारी गावच्या उपकेंद्रात वेळेवर पाहिल्या गेल्या असत्या, तर यातल्या किती जणी ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या असत्या? पहिली पायरी मोडकी असली की शेवटची पायरी गरज नसताना चढावी लागते. त्याची किंमत बाईच्या शरीराने दिली.

आता खासगी विम्याकडे वळतो, कारण अनुदानाच्या वादात सर्वांत कडवट बोल तिथूनच ऐकू येतात. आमच्यासारख्या तालुक्यातही शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, थोडी बागायत असलेले शेतकरी स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेतात. त्यांचे म्हणणे साधे आहे : कर आम्ही भरायचा, हप्ताही आम्हीच भरायचा, आणि दर वर्षी तो वाढतो. हे म्हणणे मत्सराचे समजून झटकून टाकू नये. निवृत्त माणसाला पेन्शनमधून सर्वांत मोठी एकरकमी रक्कम बाजूला काढावी लागते ती या हप्त्यासाठी, हे मी स्वतःही अनुभवतो.

२८ जुलै २०२४ रोजी आमच्याच विदर्भातले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढण्याची मागणी केली होती. नागपूर विभागातल्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यांच्याकडे हे गाऱ्हाणे मांडले होते. वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींवरचा हा कर शून्य झाला. हे सरकारने सोडून दिलेले उत्पन्न आहे, म्हणजे तेही एक अनुदानच. त्याचे स्वागत करून मी एक हिशेब मांडतो. मूळ हप्ता २५,००० रुपये असेल तर करासह तो २९,५०० होता. कर गेल्यावर पुन्हा २५,००० झाला. आता कंपनीने दर वर्षी दहा टक्के वाढ केली, तर पहिल्या वर्षी २७,५०० आणि दुसऱ्या वर्षी ३०,२५० होतात. दोन वर्षांत सूट संपली. विमा नियामक प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ रोजी ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची असेल तर आधी आपल्याशी सल्लामसलत करावी, असा आदेश काढला. तोही चांगला. पण दर वर्षी दहा टक्के म्हणजे साडेसात वर्षांच्या आत-बाहेर हप्ता दुप्पट. साठीला घेतलेली पॉलिसी सत्तरीच्या आत न परवडणारी होते, म्हणजे गरज वाढते तेव्हाच ती हातातून सुटते.

हप्ता का वाढतो? एक कारण रुग्णालयांचे बिल. दुसरे कारण कंपन्यांचा स्वतःचा खर्च : नियमानुसार फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपनीला एकूण हप्त्यांच्या ३५ टक्क्यांपर्यंत, तर सर्वसाधारण विमा कंपनीला ३० टक्क्यांपर्यंत रक्कम कमिशन आणि व्यवस्थापनावर खर्च करता येते. म्हणजे शंभरातले पस्तीस रुपये रुग्णापर्यंत पोहोचायच्या आधीच वाटेत खर्च होऊ शकतात. या दोन्ही कारणांना हात न लावता नुसता कर माफ केला, किंवा उद्या कुणी हप्त्यावरच अनुदान देण्याची कल्पना मांडली, तर तो पैसा वाढत्या बिलांमागे धावत राहील.

अमेरिकेत नेमके हेच घडले. तिथे कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, विम्याच्या हप्त्यावरचे सरकारी अनुदान वाढवले होते. त्याची मुदत २०२५ अखेर संपत होती. ते चालू ठेवायचे की नाही यावरून दोन पक्ष अडून बसले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिथले केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले. त्या देशाच्या तोवरच्या इतिहासातले हे सर्वांत लांबलेले ठप्प होणे. शेवटी अनुदान संपलेच, आणि नव्या वर्षात लाखो कुटुंबांवर वाढीव हप्त्याचा भार आला. जगात आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशाची ही स्थिती आहे. यावरून ‘अनुदानच वाईट’ असा निष्कर्ष कुणी काढेल, पण तो चुकीचा ठरेल. उपचारांच्या किमतीवर हात न ठेवता हप्त्याला टेकू देत राहिले, तर अनुदान काढणेही अशक्य होते आणि पुरवणेही, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्या वाटेने जाऊ नये.

दुसरी वाट आहे आणि ती श्रीमंत देशांचीच आहे असे नाही. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. करातून पैसा उभा केला आणि नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार तो तालुक्याच्या पातळीवरच्या रुग्णालयांना दिला. आजार लवकर आटोक्यात आला तर रुग्णालयाचाही फायदा, अशी ती रचना. आपल्याकडे तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले. कोणत्या गोदामात किती साठा आहे हे तिथे रोज कळते. त्याच राज्याने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब आणि साखरेची औषधे घरपोच नेण्याची योजना सुरू केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे दिली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. म्हणजे साधन आपल्या हातात आहे. त्याचा परिणाम तांड्याच्या उपकेंद्रातल्या कपाटात दिसायला हवा.

‘फुकट दिले की लोकांना सवय लागते’ असेही एक मत आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडणारी माणसे आहेत. त्यांना माझे उत्तर असे : आजारपण कुणी हौसेने घेत नाही. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही मोठी घट सरकारी खर्च वाढल्याने झाली. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून लोकच भरतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. ज्या देशात सरकार एवढे कमी खर्च करते, तिथे लोकांना ‘सवय लागेल’ ही चिंता आधी करण्यासारखी नाही.

गैरप्रकार होतात, हे मात्र खरे. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा आयुष्मान योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. एकाच मोबाइल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले निघाले, आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावावर नंतर उपचार दाखवलेले निघाले. असा पैसा गळतो तेव्हा गरिबाच्या वाट्याचाच गळतो. म्हणून योजना वाचवायची असेल तर तिचे हिशेब लोकांसमोर उघडे हवेत. रुग्णालयांच्याही तक्रारी आहेत : पॅकेजचे दर जुने, बिले रखडतात. त्या खऱ्या असतील तिथे दर सुधारावेत, वेळेवर पैसे द्यावेत. मग मात्र कार्ड दाखवल्यावर ‘एवढे वरचे भरा’ म्हणणाऱ्याला यादीतून काढण्याचा अधिकार सरकारने वापरला पाहिजे.

मंत्रिमहोदय, आता मागण्या मांडतो. त्या पोहरादेवीच्या आहेत, पण कोणत्याही तालुक्याला लागू पडतील.

पहिली, औषधांची. रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे आणि मानसिक आजार यांची औषधे प्रत्येक नोंदलेल्या रुग्णाला महिनाभराची एकदम, उपकेंद्रात किंवा आशाताईंच्या हातून तांड्यावरच मिळावीत. साठा संपला तर केंद्राच्या दारावर तसे लिहावे आणि ते औषध किती दिवसांत येणार तेही लिहावे. स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबाला दोन-तीन महिन्यांची औषधे सोबत द्यावीत, आणि फडाजवळच्या केंद्रात त्याच नोंदीवर पुढची मिळावीत.

दुसरी, जवळच्या रुग्णालयाची. मानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासण्या, विषबाधेवरचे उपचार, अडलेल्या बाळंतिणीची सोय आणि रात्रीचा डॉक्टर कायम असावा. वाशीमचे नवे वैद्यकीय महाविद्यालय पूर्ण ताकदीने उभे राहील तेव्हा त्याच्या तज्ज्ञांनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्यांना यावे. नीती आयोगाने वाशीमला आकांक्षित जिल्हा म्हटले आहे. त्याची पहिली कसोटी हीच असावी. योजनेतून दूरच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाला आणि एका सोबत्याला जाण्यायेण्याचे भाडे योजनेतूनच मिळावे.

तिसरी, हिशेबाची. महात्मा फुले योजनेची तालुकानिहाय माहिती दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावी : मानोऱ्याचे किती रुग्ण, कोणत्या रुग्णालयांत, कोणत्या आजारांसाठी, किती दावे नाकारले आणि का. आणखी एक आकडा त्यात हवा, तो सर्वांत महत्त्वाचा : रुग्णाने खिशातून किती भरले. घरी परतलेल्या रुग्णाला फोन करून हे विचारता येते. वाटलेल्या कार्डांच्या संख्येवरून योजनेचे यश मोजले जाते ते थांबवून या आकड्यावरून मोजावे. ग्रामसभेत हा तक्ता वाचला गेला, तर गैरप्रकार शोधायला महालेखापरीक्षकांची वाट पाहावी लागणार नाही.

चौथी, दरांची, आणि ती खासगी पॉलिसीवाल्यांसाठीही आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. या नियमाची अंमलबजावणी आपल्या अखत्यारीत आहे. ती कडकपणे करावी. मे २०२० मध्ये याच राज्याने खासगी रुग्णालयांतल्या कोविड उपचारांचे दर बांधून दिले होते : साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. साथीत जे शक्य झाले, त्याचा अभ्यास करून नेहमीच्या काही उपचारांसाठी कमाल दर ठरवता येतील. बिल आवरले तर हप्ता आवरेल. आणि विमा कंपन्यांच्या खर्चाची मर्यादा खाली आणावी, यासाठी राज्याने केंद्राकडे आणि नियामकाकडे आग्रह धरावा. गडकरी साहेबांच्या एका पत्राने करावर चर्चा सुरू झाली. आपल्या पत्राने या प्रश्नावर व्हावी.

पाचवी, यात्रेची. रामनवमीला पोहरादेवीत तेलंगणातला तांडा येतो. त्याच्याकडे तिथल्या सरकारच्या आरोग्यश्री योजनेचे कार्ड असते, ज्याची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून दहा लाख आहे. आमच्याकडे पाच लाखांचे कार्ड. मर्यादा कुणाची मोठी यावर राज्यांची चढाओढ चालते, पण मधुमेहाची गोळी दोन्ही तांड्यांना सारखीच लागते. राज्याच्या पैशाने चालणारे छत्र सीमा ओलांडली की सहसा चालत नाही, आणि समाज तर पिढ्यानपिढ्या सीमा ओलांडत जगत आला. इथल्या यात्रेत दर वर्षी तपासणी, नोंदणी आणि तक्रार निवारणाचे मोठे केंद्र उभारावे. शेजारच्या राज्यांशी बोलून सीमेपलीकडच्या उपचारांची सोय करावी. तीर्थक्षेत्राच्या विकासासाठी शेकडो कोटींचे आराखडे मंजूर होतात, त्यांबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. भाविकांच्या आरोग्याची सोय हाही त्याच विकासाचा भाग आहे.

यातल्या कोणत्याही मागणीसाठी मोठ्या शस्त्रक्रियांचे छत्र कमी करावे लागत नाही. पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्याला जी वाढ मिळेल, तिचा मोठा वाटा कुठे जावा, एवढाच निर्णय आहे. तो विम्याच्या नव्या आकड्यांकडे गेला तर घोषणा सोपी होईल. तो उपकेंद्राच्या कपाटाकडे, ग्रामीण रुग्णालयाच्या रात्रपाळीकडे आणि रुग्णाच्या गाडीभाड्याकडे गेला, तर दहा वर्षांनी डायलिसिसच्या खाटांवरची गर्दी कमी झालेली दिसेल, आणि खासगी पॉलिसीचा हप्ताही माणसाच्या आवाक्यात राहील.

आपल्याकडून मला वैयक्तिक उत्तराची अपेक्षा नाही. मानोरा तालुक्याचा पहिला हिशेब, ‘रुग्णाने खिशातून भरले’ या रकान्यासह, येत्या रामनवमीच्या आत जाहीर करण्याचा आदेश आपण काढावा. त्या आकड्यावर आम्ही गावोगावी चर्चा करू, चुकीचा असेल तर चूक दाखवू, आणि तो खाली आणण्यासाठी आपल्या खात्याच्या बरोबरीने काम करू.

आपला,
पोहरादेवीचा एक सेवानिवृत्त शिक्षक
पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम